घरचा संगणक : वीज, वेग आणि हिशेबाची नक्कल

लहान व्यापाऱ्याची खातेवही आता बहुधा घरच्या संगणकात असते. दिवसभर गल्ल्यावर बसायचे, रात्री जेवण झाले की घरी विंडोज सुरू करून बिले चढवायची, महिन्याच्या शेवटी विवरणपत्र भरायचे, असा आपल्यापैकी पुष्कळांचा क्रम आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, त्यानंतर तर ज्यांनी आयुष्यभर लाल कापडाची वही सोडली नव्हती त्यांनाही संगणक घेणे भाग पडले. परंतु वही सांभाळण्याची जी रीत आपल्याला वडिलांकडून मिळाली, तशी संगणक सांभाळण्याची रीत कोणी शिकवली नाही. दुकानदाराने यंत्र विकले, मुलाने ते चालू करून दिले, आणि शिक्षण तेथेच संपले. म्हणून या लेखात तीन गोष्टींचा विचार करू : वीज, वेग आणि नक्कल. नक्कल म्हणजे ज्याला सर्वजण बॅकअप म्हणतात ती.

हा कर लागू होण्याच्या बरोबर चार दिवस आधी आपल्या शेजारीच एक घटना घडली. तिची चर्चा कापड बाजारात फारशी झाली नाही, पण संगणक वापरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने ती समजून घ्यावी अशी आहे.

२७ जून २०१७ रोजी उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरात, म्हणजे जेएनपीटीत, एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क उद्योगसमूहातील एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवत होती. कोणता कंटेनर कोठे ठेवला आहे, कोणता कोणत्या जहाजावर चढवायचा आहे, हे सर्व संगणकात. आणि संगणक तर बंद. कोनहून गोवा महामार्गाकडे किंवा जुन्या पुणे रस्त्याकडे पाहणाऱ्याला कंटेनरच्या गाड्या नव्या नाहीत, त्यांतला बराच माल याच बंदरातून येतो-जातो. बिघाड मात्र न्हावाशेव्याचा नव्हता. मर्स्कचे संगणक त्या एका दिवसात जगभर पडले होते.

कारण काय झाले? युक्रेन देशात एम. ई. डॉक नावाचा एक हिशेबाचा कार्यक्रम वापरला जातो. आपल्याकडे कराचे कागद जसे संगणकावर तयार होतात, तसेच तेथे. हल्लेखोरांनी त्या कार्यक्रमाच्या नेहमीच्या सुधारणेतच विषाणू मिसळला. ज्यांनी ज्यांनी ती सुधारणा घेतली, त्यांच्या संगणकात तो शिरला आणि जाळ्यातील एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पसरला. पसरण्यासाठी त्याने विंडोजमधील एका उणिवेचा उपयोग केला. त्या उणिवेवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. पुष्कळांनी ती बसवली नव्हती. पण ज्यांनी बसवली होती तेही सगळे वाचले नाहीत, कारण हा विषाणू एका यंत्रातून पासवर्ड चोरून दुसऱ्यात प्रवेश करीत होता. पडद्यावर खंडणीची मागणी दिसे, मात्र पैसे भरूनही काही परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. नॉटपेट्या हे नाव त्याला पुढे पडले.

आता मुद्द्याची गोष्ट. मर्स्ककडे कोणाला कोणत्या यंत्रात प्रवेश द्यायचा याची नोंद ठेवणारे सुमारे १५० मुख्य संगणक जगभर होते. ते सर्व एकमेकांशी जोडलेले, एकात बदल झाला की दुसऱ्यात आपोआप उतरायचा. एक बिघडला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. त्यामुळे त्या नोंदीची वेगळी काढून ठेवलेली प्रत कोणाकडे नव्हती. विषाणू आला आणि सर्वच्या सर्व गेले. शोधता शोधता आफ्रिकेतील घाना देशात एक संगणक सुस्थितीत सापडला. तो का वाचला? हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता. घानातील तारेचा वेग इतका कमी की ती नोंद इंग्लंडला पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते, आणि तेथील कर्मचाऱ्यांकडे इंग्लंडचा व्हिसा नव्हता. शेवटी एक माणूस हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तेथे दुसऱ्याच्या हाती दिली, तो ती घेऊन लंडनला उतरला. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले की सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे धरले गेले.

इतक्या मोठ्या पेढीची अब्रू एका तुटलेल्या तारेने आणि गेलेल्या विजेने राखली. आपण वीज गेली की महावितरणला बोल लावतो, ते लावावेतच, पण या हकीकतीत जो संगणक बंद होता तोच उपयोगी पडला हे विसरू नये.

नक्कल कशाला म्हणावे

आपल्यापैकी अनेकजण म्हणतात, “आमचे सर्व वनड्राइव्हवर आहे” किंवा “गूगल ड्राइव्हवर आहे, काळजी नाही.” हीच मर्स्कची समजूत होती. जेथे एकीकडचा बदल दुसरीकडे आपोआप उतरतो त्याला जुळणी म्हणावे, नक्कल म्हणू नये. घरातील लहान मुलाने चुकून फोल्डर पुसला तर तो तेथूनही पुसला जाईल. विषाणूने फाइल खराब केली तर खराब फाइल तेथे जाईल. या सेवांत पुसलेल्या वस्तू काही दिवस कचरापेटीत राहतात आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्याही काही मुदतीपर्यंत मिळतात, हे खरे. परंतु चूक लक्षात यायला मुदतीहून अधिक दिवस लागले तर इलाज नाही. शिवाय वनड्राइव्हवर फुकट जागा फक्त ५ जीबी. घरची लग्नाची छायाचित्रे त्यात शिरली की हिशेबाला जागा उरत नाही.

नक्कल म्हणजे कबाल्याची नक्कल असते तशी. मूळ कागद घरी, नक्कल दुसऱ्याच्या पेटीत, आणि मूळ कागदावर शाई सांडली तरी नकलेवर डाग पडत नाही.

यासाठी जाणकार लोक एक ठोकताळा सांगतात तो आपल्या धंद्याला चांगला लागू पडतो : माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. लहान व्यापाऱ्याने हे असे करावे. एक प्रत संगणकात आहेच. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्याव्यात, बाजारात १ टीबीची डिस्क सहज मिळते, आणि हिशेबाला तेवढी जागा वर्षानुवर्षे भरत नाही. एकीवर १ लिहावे, दुसरीवर २. एका आठवड्यात पहिली, पुढच्या आठवड्यात दुसरी. काम झाले की डिस्क काढून कपाटात ठेवायची. ही काढण्याची गोष्ट सर्वात महत्त्वाची, कारण जी डिस्क कायम लावलेली असते ती संगणकाबरोबरच विषाणूच्या तोंडी जाते, आणि विजेचा झटका आला तर त्याच्याही. जी डिस्क वापरात नाही ती दुकानात किंवा नातेवाइकाकडे ठेवावी.

घराबाहेर म्हणजे किती बाहेर? २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. ज्याचे दुकान खाली आणि घर वर, त्याचे कदाचित निभावले असेल; ज्याचे दोन्ही त्याच गल्लीत तळमजल्यावर, त्याची वहीही गेली आणि वहीची नक्कलही. आपल्या पनवेलमध्ये २६ जुलै २००५ चा पाऊस पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. ज्या पाण्यात मूळ बुडेल त्याच पाण्यात नक्कल बुडू नये, एवढे अंतर पाहिजे. कोनच्या माणसाने एक डिस्क पनवेल गावात किंवा खोपोलीला एखाद्या नातेवाइकाच्या वरच्या मजल्यावर ठेवली तरी पुरे.

पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नये. तो देवाणघेवाणीसाठी आहे, जतनासाठी नव्हे. तो खिशात हरवतो, धुतल्या जाणाऱ्या कपड्यांत जातो, आणि बिघडतो तेव्हा पूर्वसूचना देत नाही.

विंडोजमध्ये नक्कल करण्याची सोय आधीपासून आहे, वेगळा कार्यक्रम विकत घेण्याची गरज बहुतेकांना नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी नावाची सोय आहे, ती विंडोज ८ पासून मिळते. बाहेरची डिस्क लावून ती सुरू केली की दस्तऐवज, चित्रे वगैरे नेहमीच्या फोल्डरांच्या प्रती घेते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते, म्हणजे मंगळवारचे बिल बुधवारी बिघडले तर मंगळवारचे परत काढता येते. पण लक्षात घ्यावे, ती फक्त ठरलेल्या फोल्डरांकडे पाहते. हिशेबाचा कार्यक्रम आपली माहिती बहुधा निराळ्या जागी ठेवतो. ती जागा कोठे आहे हे एकदा शोधून वहीत लिहून ठेवावे.

टॅली वापरणाऱ्यांना तर त्यातच डेटा या शीर्षकाखाली बॅकअप आणि रिस्टोअर अशा दोन आज्ञा मिळतात. दिवसाचे काम संपल्यावर बॅकअप करायला दोन मिनिटे लागतात. प्रत्येक वेळी तारखेचा नवा फोल्डर करावा, जुन्यावर नवे चढवू नये. आणि तीन महिन्यांतून एकदा नक्कल उघडून पाहावी. उघडताना मात्र सावधगिरी हवी : रिस्टोअर करताना चालू हिशेबाचीच जागा दाखवली तर जुना हिशेब नव्यावर बसतो. त्यासाठी वेगळा रिकामा फोल्डर दाखवावा, किंवा दुसऱ्या संगणकावर उघडावे. शेवटच्या पावतीचा क्रमांक आणि एखाद्या मोठ्या खातेदाराची बाकी जुळली की नक्कल खरी. न उघडलेल्या नकलेला मी नक्कल धरीत नाही. गाठ न सोडता ताके मोजल्यासारखे ते आहे.

किती वर्षांचे ठेवावे असाही प्रश्न येतो. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब व दस्तऐवज राखावे लागतात. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून अधिक. तेव्हा वर्ष संपले की त्या वर्षाची एक वेगळी प्रत काढून तिला हात लावू नये.

विजेचा बंदोबस्त

कोन पळस्पे फाट्याच्या पुढे, जुन्या महामार्गाला लागून. एका अंगाला द्रुतगती मार्ग, आणि गावाच्या हद्दीत उंच इमारती. त्यांतल्याच सुमारे २,४०० घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी डिसेंबर २०१६ मध्ये निघाली होती. ज्या हातांनी मुंबईत कापड विणले, त्यांच्या घरात आता नातवंडे संगणकावर बसणार. वस्ती वाढते तशी विजेची मागणीही वाढते, आणि पहिल्या पावसात वीज जाणे हा कोकणातला जुनाच अनुभव. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड जिल्ह्यात खांब आणि तारा इतक्या पडल्या की काही गावांना वीज परत मिळायला आठवडे लागले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचा वीजपुरवठा एकदम बंद पडला. टाळेबंदीचे दिवस होते, लोक घरूनच काम करीत होते, मुलांच्या परीक्षा संगणकावर चालू होत्या.

वीज अचानक जाते तेव्हा नुकसान अंधाराचे नसते. संगणक त्या क्षणी फाइलमध्ये काहीतरी लिहीत असेल तर ती अर्धवट राहते, आणि अर्धवट लिहिलेली हिशेबाची फाइल कधी कधी पुन्हा उघडतच नाही. म्हणून यूपीएस. त्याचे काम तासभर संगणक चालवणे हे नाही, आपल्याला व्यवस्थित बंद करायला अवधी देणे एवढेच आहे.

यूपीएस घेताना डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला व्हीएचा आकडा पाहून फसू नये, वॅटचा आकडा विचारावा. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. त्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. गुणाकार केला तर ८४ वॅट-अवर. साधा संगणक व पडदा मिळून १०० वॅट धरले तरी कागदावरच तासाच्या आत हिशेब संपतो, प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटे मिळाली तर समाधान मानावे. लेझर प्रिंटर त्यावर कधीही लावू नये, तो तापताना एकदम मोठा भार ओढतो. ही बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. त्यासाठी तीन महिन्यांनी एकदा सर्व फाइली बंद करून मुख्य बटण मुद्दाम बंद करावे आणि घड्याळ लावून पाहावे.

काही यूपीएसना यूएसबीची तार असते. ती संगणकाला जोडली की विंडोज त्याला लॅपटॉपच्या बॅटरीसारखे ओळखते. मग पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बॅटरी अमुक टक्क्यांवर आली की हायबरनेट करावे, असे ठरवता येते. हायबरनेट म्हणजे स्मरणातील सर्व काही डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद होणे. स्लीपमध्ये तसे होत नाही, तेथे स्मरण जागे ठेवायला थोडी वीज लागतेच, आणि डेस्कटॉप स्लीपमध्ये असताना वीज गेली तर न साठवलेले काम गेले. हायबरनेटचे बटण अनेकदा दिसत नाही. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, आणि तेथे पॉवर बटणांनी काय करावे ते निवडण्याची जागा, येथे ते सुरू करता येते.

घरात इन्व्हर्टर असेल त्यांनी तो यूपीएस मोडवर ठेवावा. दुसऱ्या मोडवर वीज बदलायला जो सूक्ष्म वेळ लागतो, त्यात पंखा थांबत नाही पण संगणक बंद पडतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. आणि भिंतीतील अर्थिंग तारतंत्र्याकडून एकदा तपासून घ्यावे. अर्थिंग नसेल तर महागड्या झटकाविरोधी पट्टीचाही उपयोग अर्धाच.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ज्याला फक्त हिशेब, पत्रे आणि विवरणपत्रे करायची आहेत त्याने डेस्कटॉप सोडून लॅपटॉप घ्यावा. त्याच्या पोटातच यूपीएस असतो, आणि पूर आला तर उचलून माळ्यावर ठेवता येतो. सतत तारेला लावून ठेवायचा असेल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते, ती लावावी.

बिलाचाही विचार करू. रिकामा चालू असलेला डेस्कटॉप ६० वॅट घेतो असे धरले, तर चोवीस तासांत सुमारे दीड युनिट, महिन्याला ४३ युनिटच्या आसपास. आठच तास चालवला तर १५ युनिटसुद्धा नाहीत. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर टप्पा बदलतो, तेव्हा रात्रभर जागा ठेवलेला संगणक कोणाकोणाला वरच्या दरात ढकलतो. पडदा पाच मिनिटांनी आणि संगणक पंधरा मिनिटांनी झोपेल असे लावून टाकावे. पॉवर प्लॅन बॅलन्स्डच ठेवावा. हाय परफॉर्मन्स निवडल्याने बिले लवकर चढत नाहीत.

संगणक मंद का होतो

याबाबत बाजारात फार थापा चालतात. एका क्लिकवर वेग दुप्पट करून देणारे कार्यक्रम विकत घेऊ नयेत, फुकटही घेऊ नयेत. आधी रोग ओळखावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. मंदपणा असेल तेव्हाच तेथे पाहावे. डिस्कचा रकाना सतत १०० टक्क्यांजवळ असेल आणि यंत्रात जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवणे हाच इलाज. जुन्या यंत्राला यापेक्षा जास्त जीव देणारा खर्च दुसरा नाही. मेमरी भरलेली असेल तर ४ जीबीची ८ जीबी करावी. प्रोसेसर गुंतलेला असेल तर कोणता कार्यक्रम गुंतवतो त्याचे नाव समोरच दिसते.

त्याच खिडकीत स्टार्टअप नावाची यादी आहे. संगणक सुरू होताच कोण कोण न बोलावता येऊन बसते ते तिथे कळते. गाण्यांचे, खेळांचे, प्रिंटरच्या जाहिरातीचे कार्यक्रम बंद करावेत. विंडोजबरोबर डिफेंडर असतो, त्यावर आणखी विषाणूविरोधी कार्यक्रम चढवल्याने संरक्षण दुप्पट होत नाही, यंत्र मात्र मंद होते. सी ड्राइव्हमध्ये पाचवा-सहावा हिस्सा रिकामा ठेवावा. एसएसडीला जुन्या पद्धतीचे डिफ्रॅग करू नये. विंडोजची ऑप्टिमाइझ ही सोय डिस्कचा प्रकार ओळखून योग्य तेच करते.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्याने विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्याचा गाभा डिस्कवर झोपवला जातो. म्हणून दिवसेंदिवस “बंद” करूनही अडकलेले काही सुटत नाही. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट म्हणावे. रीस्टार्टमध्ये सर्व नव्याने सुरू होते.

धूळ आणि कोकणातील दमट हवा यांचाही विचार करावा. कापडाच्या दुकानात तंतू उडतात, ते पंख्यात बसतात, यंत्र तापते आणि तापले की स्वतःच वेग कमी करते. वर्षातून दोनदा, तार काढून, ब्लोअरने साफ करावे.

विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चकती आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून बरीच चालती यंत्रे तेथे अडतात. अशा यंत्रावर पळवाटेने विंडोज ११ चढवून देणारे कारागीर भेटतात. हिशेबाच्या यंत्रावर तो प्रयोग करू नये. ते यंत्र मुलांच्या अभ्यासाला द्यावे, त्यावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, आणि हिशेब नव्या यंत्रावर न्यावा. नेण्यापूर्वी दोन्ही डिस्कवर ताजी नक्कल घ्यावी, आणि बिटलॉकरची चावी, म्हणजे ४८ अंकांचा तो क्रमांक, कागदावर लिहून घरच्या तिजोरीत ठेवावा. डिस्क कुलूपबंद असेल तर मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज पहिली मागणी त्याच क्रमांकाची करते.